कावळा, फांदी आणि भिंतीवरचं घड्याळ

हॉलमधलं घड्याळ मंगळवारी आठ वाजून दहा मिनिटांनी थांबलं. अगदीच थांबलं असंही नाही. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत होता. एक पाऊल उचलायचा, धीर खचायचा, पुन्हा मागे यायचा.

"तू रविवारी हात लावला होतास," बायको म्हणाली. "तरीच."

एरवी मी "बघतो" म्हणून विषय आठवडाभर पुढे ढकलला असता. पण त्या सुमाराला माझा तर्कदोषांचा अभ्यास जोरात होता. अभ्यासाचं कारण एवढंच, की घरातली सलग चार भांडणं मी हरलो होतो आणि ती माझ्या चुकीमुळे नाही, तर समोरच्यांच्या तर्कातल्या लबाडीमुळे हरलो, अशी माझी खात्री झाली होती. शिवाय चार हरल्यावर पाचवं आपलंच, असाही एक हिशोब मनात होता. (हा हिशोब हाच एक नामांकित तर्कदोष आहे, हे मी वाचलं होतं. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या फिरत्या चाकातला चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडला आणि 'आता तरी लाल येणारच' म्हणत लोक पैसे लावत गेले, बुडत गेले. चाकाला आधीचं काही आठवत नसतं. बायकोला आठवतं, पण त्याने माझी बाजू सुधारत नाही.)

तर अभ्यास. अ‍ॅरिस्टॉटलने १३ तर्कदोष मोजले होते, त्यातले ६ भाषेमुळे होणारे आणि ७ भाषेबाहेरचे. मला हा आकडा आमच्या घराच्या मानाने तोकडा वाटला. गौतमाच्या न्यायसूत्रांनी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथाने, मात्र समाधान केलं. ५ हेत्वाभास (कारणासारखी दिसणारी, पण खोटी कारणं), ३ प्रकारचे छल (समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणं), २४ जाती (वरवरच्या साम्यावर किंवा फरकावर बेतलेली पोकळ उत्तरं) आणि वादात माणूस हरला असं जाहीर करायच्या २२ जागा, म्हणजे निग्रहस्थानं! चर्चेचेही तीन प्रकार. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्यात वाद कधी झालाच नाही हे मला तेव्हा कळलं.

नवं शिकलेलं मी जेवायच्या टेबलावर लगेच सांगायचो. बायको ऐकून घ्यायची, आई ऐकू न आल्यासारखं करायची आणि मुलगी फार मन लावून ऐकायची. ती का ऐकते आहे, याचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता. तिला वाक्छल विशेष आवडला. 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊ. कोणी म्हणालं, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्या अंगावर नवं कांबळं आहे, तर समोरच्याने म्हणायचं, "कुठे आहेत नऊ? एकच तर दिसतंय!" न्यायसूत्रांच्या जुन्या भाष्यात हेच उदाहरण आहे. दुसऱ्या दिवशी मी मुलीला विचारलं, "अभ्यासाला बसलीस का?" ती म्हणाली, "बसलेय की." पुस्तक मिटलेलं होतं. पण बसली होती, यात शंका नाही.

आईवर केलेला प्रयोग तर पहिल्याच चेंडूवर फसला. "आज पोरीला जेवताना मोबाईल दिलास, उद्या ती अभ्यास करताना मागेल, मग रात्रभर जागेल, मग परीक्षा बुडेल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो." मी शांतपणे सांगितलं, "आई, याला घसरगुंडीचा तर्कदोष म्हणतात. आजपासून बुडालेल्या परीक्षेपर्यंत तू एकदम पोचलीस. मधल्या एकेका पायरीचा पुरावा दे."

"पायऱ्या असत्या तर तिला घसरगुंडी कशाला म्हटलं असतंस?" आई म्हणाली आणि चष्मा पुसायला घेतला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र लख्ख दिसायला लागली. या दोषांना लॅटिन नावं देऊन लोक उगाच घाबरवतात. आपल्या म्हणींनी हे काम कधीच करून ठेवलंय. एका अनुभवावरून सगळ्या जगाबद्दल बोलणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. नियम सगळ्यांना, फक्त माझ्या माणसाला सूट, हे म्हणजे आपला तो बाब्या. समोरचा जे म्हणालाच नाही ते त्याच्या तोंडी घालून तेच झोडपायचं, याला हल्ली बुजगावण्याचा तर्कदोष म्हणतात. साप म्हणून भुई धोपटणं त्याच्या बरंच जवळ जातं. आणि 'हे आधी झालं, ते नंतर झालं, म्हणून याच्यामुळे ते झालं' याला तर आपल्याकडे आख्खा न्यायच आहे. काकतालीय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

त्या मंगळवारी मी हाच कावळा बाहेर काढला.

"आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही," मी म्हणालो. "रविवारी मी घड्याळाला हात लावला, तसं रविवारीच आईने खिडकी पुसली. मग खिडकीमुळे बंद पडलं का?"

"खिडकी घड्याळात हात घालत नाही," बायको म्हणाली. "आणि कावळा नुसता बसतो. तू स्टूल घेऊन चढला होतास."

हा मुद्दा माझ्या टिपणांत नव्हता. काळाच्या क्रमाला जोडून 'हे असं असं होऊन बिघडलं असेल' ही साखळीही कोणी दाखवली, तर कावळ्याची बाजू बरीच लंगडी पडते. पण बायको पुढे मी हात लावलेल्या इस्त्रीवर गेली, तिथून पंख्याच्या रेग्युलेटरवर आली आणि मला पुन्हा जोर चढला.

"हे बघ, तू आता व्यक्तीवर घसरलीस. मुद्दा घड्याळाचा आहे, माझ्या पूर्वचरित्राचा नाही."

"घड्याळ कोणी बिघडवलं हाच मुद्दा आहे ना? मग व्यक्तीवर नाही घसरायचं तर कशावर?"

वाईट म्हणजे तिचं शास्त्रशुद्ध होतं. माणसाच्या स्वभावाचा मुद्द्याशी संबंध नसताना तो उकरून काढणं हा दोष. माझ्या बाबतीत संबंध होता, आणि इस्त्रीच्या वायरीला तो अजून चिकटपट्टीने गुंडाळलेला होता.

"म्हणजे मी घरात कशालाच हात लावायचा नाही, असंच ना?" मी आवाज चढवला. वाक्य संपायच्या आत लक्षात आलं, की ती असं काही म्हणालेलीच नाही. बुजगावणं उभं राहिलं होतं आणि त्याच्या अंगावरचा सदरा माझा होता.

"आणि परवा छत्री कोणी हरवली?" घाईघाईत मी पुढचं बोललो.

"मतानुज्ञा!" सोफ्यावरून मुलगी ओरडली.

हे मीच शिकवलं होतं. आपल्यावरचा दोष खोडून न काढता 'तुझ्यातही तोच आहे' म्हणणं, हे बावीसांपैकी एक निग्रहस्थान. यात आपल्याकडून चूक झाल्याचं आपण न बोलता कबूल केलेलं असतं. मी म्हणालो, "मी छत्रीबद्दल काही बोललो नाही." ती म्हणाली, "प्रतिज्ञासंन्यास." आपणच केलेलं विधान नाकारणं. तेही बावीसांत आहे. मुलं शाळेतलं विसरतात, हे बरोबर लक्षात ठेवतात.

शेवटी माझं निरपराधित्व सिद्ध करायला मी घड्याळ स्वतःच खाली उतरवलं. मागचं झाकण काढून पेन्सिल सेल सर्वांसमोर तळहातावर घेतला. "बघा. सेल जागेवर आहे, उलटा घातलेला नाही, गंजलेला नाही."

मुलगी जवळ आली. सेलच्या पाठीवर निळ्या पेनने दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ काढलेली होती. चेहरा होता तो, जरासा खिन्न.

"हा तर रिमोटमधला आहे," ती म्हणाली. "मीच काढलंय हे."

मग मला रविवार आठवला. ऐन वेळी रिमोट चालेना, घरात नवा सेल नाही. घड्याळाला अशी कितीशी ताकद लागते, असा शुद्ध तर्क करून मी स्टूल घेतलं होतं. त्याचा सेल याला, याचा त्याला. रिमोट छान चालला. घड्याळही दोन दिवस चाललं, हे माझ्या बाजूने नोंदवायला हवं.

बायको काही बोलली नाही. माझ्या डोक्यात मात्र यादी पुढे सरकत होती. निरनुयोज्यानुयोग. समोरच्याची चूक नसताना 'तू चुकलास' म्हणून बोट दाखवणं, हेही हरणंच. आणि तिचा तर्क खरोखर कच्चा असता, तरी त्यामुळे सेल काही माझ्या हातून परत गेला नसता. तर्क लंगडा असूनही निष्कर्ष खरा निघू शकतो. टिपणवहीत हे मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून.

आईने चष्मा लावला. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. सेलवरचा तो चेहरासुद्धा.

"मला जरा एक महत्त्वाचा फोन करायचाय," असं म्हणून मी उठलो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "काम आहे सांगून वाद अर्धवट सोडणं म्हणजे विक्षेप ना?"