पोकळ गोळ्यातले शून्य आणि शेतातले पत्र्याचे शेड

मान्सूनपूर्व वादळांचे दिवस आले की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की, धातूच्या पोकळ गोळ्याला दिलेला प्रभार (विद्युतभार) आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागांवर निम्मा-निम्मा वाटला जातो. आत विद्युतक्षेत्र (प्रभारावर विद्युत बल लावणारे क्षेत्र) नेहमीच शून्य असते आणि विभवही (व्होल्टमध्ये मोजतात ते) शून्य. आत काहीही ठेवले तरी बाहेर पत्ता लागत नाही. आणि म्हणून वीज कडाडू लागली की शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहावे. बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना यातली पहिली चार विधाने मला उत्तरपत्रिकांतही भेटतात. पाचव्याने जीव जाऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

निम्म्या-निम्म्या वाटणीचे आधी पाहू. स्थिर अवस्थेत धातूच्या आत विद्युतक्षेत्र टिकत नाही, कारण ते असेपर्यंत मुक्त इलेक्ट्रॉन सरकतच राहतील. गोळ्याच्या भिंतीच्या जाडीतून जाणारा एक बंद पृष्ठभाग कल्पिला, तर त्यावर सर्वत्र क्षेत्र शून्य येते; म्हणजे गाउसच्या नियमानुसार (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारे एकूण क्षेत्र आतल्या एकूण प्रभारावर ठरते) त्याने वेढलेला एकूण प्रभारही शून्य. पोकळी रिकामी असेल तर आतल्या पृष्ठभागावर काही उरत नाही आणि सगळा प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावर राहतो. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७३ च्या सुमारास एकात एक बसवलेल्या दोन गोलांवर हे तपासले होते. बाहेरचा गोल प्रभारित करून, आतल्याशी क्षणभर जोडून वेगळा केल्यावर आतल्या गोलावर त्यांना प्रभार सापडला नाही. इतका मोलाचा निष्कर्ष त्यांनी छापलाच नाही. तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केला.

विभवाची चूक साध्या आकडेमोडीने दिसते. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर १ मायक्रोकूलोम प्रभार असेल, तर पृष्ठभागावरचे विभव सुमारे ६०,००० व्होल्ट येते, आणि रिकाम्या पोकळीतही सर्वत्र तेवढेच असते. क्षेत्र शून्य याचा अर्थ विभव बदलत नाही एवढाच आहे.

खरा घोळ ‘नेहमीच’ या शब्दात आहे. क्षेत्र शून्य असते ते पोकळी रिकामी असताना. तटस्थ (एकूण प्रभार शून्य असलेल्या) गोळ्याच्या पोकळीत, भिंतीला न टेकवता, धन प्रभार ठेवला की पोकळीत त्याचे क्षेत्र असते, आतल्या पृष्ठभागावर तेवढाच ऋण प्रभार येतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर तेवढाच धन. त्यामुळे बाहेर क्षेत्र जाणवते. तो प्रभार मध्यबिंदूपासून बाजूला सरकवला, तर आतला ऋण प्रभार जवळच्या बाजूला दाटतो. पण बाहेरचा धन प्रभार, जवळपास दुसरे काही नसेल तर, समानच पसरलेला राहतो. मधल्या धातूत क्षेत्र नसल्यामुळे प्रभार कुठे सरकला हे बाहेर कळत नाही; तो किती आहे हे मात्र कळते. विषयातला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

शास्त्रज्ञ फॅरेडे यांनी १८४३ मध्ये बर्फ ठेवायच्या धातूच्या बादलीने दाखवलेली ही गोष्ट आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घरीही दिसते. जुलैच्या दमट हवेत प्रयोग फसतो. स्टीलचा खोल डबा थर्माकोलवर ठेवावा आणि त्याच्या काठावरून ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी बाहेरच्या अंगाला लोंबती चिकटवावी. पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीवर घासून, डब्याला न लावता आत धरला की पट्टी भिंतीपासून दूर सरते. बाहेरून डब्याला बोट लावले की बाहेरचा प्रभार अंगातून जमिनीत जातो आणि ती खाली पडते. आतला प्रभार बाहेर जाणवू नये असे वाटत असेल, तर कवच जमिनीशी जोडलेले हवे, ही अट संदेशात गळली आहे.

आता शेड. चार खांबांवरचा पत्रा हे बंद कवच नाही. त्याच्या बाजू मोकळ्या असतात. शिवाय वीज म्हणजे गोळ्यावर स्थिरावलेला प्रभार नव्हे. ती हजारो अँपिअरचा प्रवाह घेऊन येते, तो खांबांतून जमिनीत उतरतो आणि खांबाजवळच्या जमिनीवर दोन पावलांतही घातक विभवांतर निर्माण होऊ शकते. खांबाला टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून तो प्रवाह जाऊ शकतो, आणि पत्र्यावरून शेजारच्या माणसाकडे ठिणगी उडू शकते. ढग गडगडू लागताच पक्क्या घरात जावे आणि तिथे नळ, तारा व विजेच्या उपकरणांपासून लांब राहावे. घर दूर असेल तर पत्र्याच्या टपाच्या मोटारीत काचा लावून, धातूच्या भागांना हात न लावता बसावे. तिथे प्रवाह बहुतांशी बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीकडे जातो. ट्रॅक्टर उघडा असतो, त्याला यात धरू नये.