‘कधीही निघून जाता आलं असतं’?
एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गावोगाव करमणुकीचे खेळ करून बाटलीबंद औषधं विकत. अशा फिरत्या औषधी खेळात अडकलेल्या एका डॉक्टरबाईंवरचा तुमचा लेख वाचला. त्यांना ‘कधीही निघून जाता आलं असतं’, हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. त्या काळी तिथे वैद्यकीय पदवी मिळवूनही बाईला बहुतेक रुग्णालयं दारात उभं करत नसत. अमेरिकेतल्या पहिल्या पदवीधर डॉक्टरबाई एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना १८५७ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचंच रुग्णालय काढावं लागलं. खेळवाल्यांना मात्र काही ठिकाणी परवान्यासाठी खऱ्या डॉक्टरची पदवी हवी असे. बाटलीत दारू नाहीतर अफू, आणि नाव बाईंचं!

मीही डॉक्टर आहे. सुरुवातीला एका कंपनीच्या ‘मोफत तपासणी’ शिबिरांत माझ्या सहीवर शक्तिवर्धकं खपवली जायची. पगार थकवलेला, गाव परकं. सोडते सोडते म्हणत महिने गेले. दारू-अफू लेबलवर छापायची सक्ती अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने आली. त्याआधी बाईंनी दाद मागायची कुणाकडे?