पार्सल बांधून दे म्हणे

आज चर्चमध्ये उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. आमच्याकडे एक काका येतात, दारूपायी घर गेलं, बायकोपोरं तुटली, आता स्टँडवर झोपतात. नेहमी शेवटचा बाक. आज पहिल्यांदाच पंगतीत बसले तर शेजारचं अख्खं कुटुंब ताटं उचलून पलीकडच्या रांगेत. एक वडीलधारे माझ्या कानात म्हणाले, "त्याला पार्सल बांधून दे ना, इथं कशाला." मी भाताची परात घेऊन उभी. गप्प.

घरी आल्यापासून डोकं फिरलंय नुसतं. उधळ्या पुत्राची गोष्ट, सगळं उडवून परत आलेल्या मुलाला बाप जवळ घेतो ती, आपल्याला संडे स्कूलपासून पाठ, पण प्रभू येशूने ती सांगितली कशावरून? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 15 व्या अध्यायाची पहिली दोन वचनं काढा. परूशी नि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे कडक धर्म पाळणारे नि धर्मशास्त्राचे पंडित, कुरकुरत होते की हा पाप्यांना जवळ करतो, वर त्यांच्याबरोबर जेवतो. तक्रार जेवणाची होती! हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हा मुलगा, तिथल्या तिन्ही गोष्टी म्हणजे त्या कुरकुरीला दिलेलं उत्तर. आणि जक्कय काही बिचारा नव्हता, मुख्य जकातदार, पैसेवाला, गावाच्या डोळ्यात खुपणारा. त्याला प्रभू 'आधी सुधार, मग येतो' नाही म्हणाला, आजच तुझ्या घरी उतरणार म्हणाला. पार्सल नाही पाठवलं कुणाला!

हो, करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल पत्रात लिहितो की बंधू म्हणवणारा दारुडा असेल तर त्याच्या पंगतीलाही बसू नका. आहे ते वचन, मान्य. पण आज कुणी ते वचन आठवून उठलं नाही, शर्टाच्या वासाने उठले.

खरं तर त्या कुटुंबावरच लिहायला बसले होते. पण मगाशी पौलाचंच गलतीकरांस पत्र उघडलं, दुसरा अध्याय. अंत्युखिया शहरात प्रभूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली तसा भिऊन बाजूला झाला. पेत्र! ज्याला स्वतःला यरुशलेमेत लोकांनी टोकलं होतं की तू बेसुंत्यांच्या, म्हणजे सुंता न झालेल्या परक्यांच्या घरी जेवलास, आणि त्याने तिथं सगळ्यांना नीट समजावलंही होतं. सगळं कळत होतं त्याला, फक्त आपल्याच माणसांची भीती वाटली. पौल त्याला तोंडावर बोलला. मला आज कुणी बोललं नाही.

काकांनी भात मागितला होता हो. मी त्या वडीलधाऱ्यांकडे बघत राहिले, तेवढ्यात ते उठलेच. निम्मं जेवून. ताट स्वतः विसळलं, पालथं घातलं, मला 'जय ख्रिस्त' म्हणाले आणि गेटकडे चालू लागले.