देखरेख कुणावर ठेवायची?

सुट्टीत ठाण्याला आले की नातेवाईक आणि जुने शेजारी नॉर्वेविषयी पहिला प्रश्न हमखास विचारतात तो हा की, तिकडे सरकार मुलांना आईवडिलांपासून काढून घेते हे खरे का. प्रश्नामागे स्टाव्हांगर शहरातले जुने प्रकरण असते. मे २०११ मध्ये तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेने एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले ताब्यात घेतली, वाद दोन्ही देशांच्या सरकारांपर्यंत गेला, एप्रिल २०१२ मध्ये मुलांना काकांच्या हवाली करून भारतात पाठवण्यात आले आणि पुढे कोलकाता उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ती आईकडे आली. मुलांना हाताने भरवले म्हणून ती नेली, एवढाच भाग आपल्याकडे लक्षात राहिला. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी मात्र हे कारण तेव्हाही नाकारले होते. त्या कुटुंबाने जे सोसले ते मी लहान लेखणार नाही. परंतु या एका प्रकरणामुळे आपल्या चर्चेत एक समज पक्का बसला आहे, आणि तो मला घातक वाटतो. बालहक्कांवर देखरेख ठेवायची म्हणजे सरकारने आईबापांवर पाळत ठेवायची, असा तो समज आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाची बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाली आणि भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. या संहितेने जबाबदारी घातली आहे ती सरकारांवर. तिच्या ४४ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सदस्य देशाने पहिला अहवाल दोन वर्षांत आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी द्यायचा असतो. जिनिव्हात भरणारी अठरा तज्ज्ञांची समिती तो वाचते, सरकारी प्रतिनिधींना समोर बसवून प्रश्न विचारते आणि आपले निष्कर्ष जाहीर करते. स्वयंसेवी संस्थाही या समितीकडे स्वतंत्र अहवाल पाठवू शकतात, म्हणजे सरकारने स्वतःविषयी लिहिलेले तेवढेच समितीपुढे राहत नाही. भारताच्या अहवालांवर असे निष्कर्ष २०००, २००४ आणि २०१४ साली आले. ते ठाण्यातल्या किती नगरसेवकांनी, किती मुख्याध्यापकांनी किंवा किती पत्रकारांनी पाहिले असतील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण जिनिव्हात विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर शेवटी शहापूरच्या एखाद्या आश्रमशाळेत किंवा तुर्भ्याच्या एखाद्या वस्तीतच मिळणार असते.

मी अनेक वर्षे बर्गनमध्ये राहते. नॉर्वेने १९८१ साली, म्हणजे संहितेच्याही आठ वर्षे आधी, मुलांसाठी स्वतंत्र लोकपालाचे पद कायद्याने निर्माण केले. जगातले हे अशा प्रकारचे पहिले पद मानले जाते. लोकपालाची नेमणूक सहा वर्षांसाठी होते. सरकारचा पगार घेऊन सरकारलाच प्रश्न विचारायचे, हे या पदाचे काम आहे. एखादा कायदा बदलायचा असेल तर त्याचा मसुदा संबंधितांच्या मतांसाठी फिरवला जातो, लोकपालाचे कार्यालय त्यावर मुलांच्या बाजूने लेखी मत देते आणि ते मत कुणालाही वाचता येते. शाळेत मूल म्हणाले की मला इथे सुरक्षित वाटत नाही, तर २०१७ पासून शाळेला उपायांचा लेखी आराखडा करणे भाग आहे. शाळेने टाळाटाळ केली तर पालक थेट आपल्या प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे दाद मागू शकतात, आणि तिथे शाळेला आपण काय केले हे कागदावर दाखवावे लागते. सातवी आणि दहावीच्या मुलांना दरवर्षी छळवणुकीविषयी प्रश्नावली दिली जाते. म्हणजे शाळेचा कारभार कसा आहे हे ठरवताना मुलांचेही मत विचारले जाते, आणि या साध्या गोष्टीचे मोल मला आईच्या भूमिकेतून फार जाणवले.

तरीही नॉर्वे हा आदर्श म्हणून मांडावा असे मला वाटत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका आईपासून तिचे मूल कायमचे तोडल्याच्या प्रकरणात नॉर्वेला कौटुंबिक जीवनाच्या हक्काचे उल्लंघन केल्याबद्दल दोषी धरले, आणि त्यानंतरही अशा प्रकरणांत त्या देशाविरुद्ध निकाल लागले. देशाच्या आरोग्य पर्यवेक्षण मंडळाने बालसंरक्षणाची १०६ प्रकरणे तपासून २०१९ च्या सुरुवातीला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात तपासातल्या आणि मुलांचे म्हणणे ऐकून घेण्यातल्या उणिवा मोकळेपणाने लिहिल्या. आश्रयासाठी एकट्याने आलेल्या १५ ते १८ वर्षांच्या मुलांची काळजी बालसंरक्षण यंत्रणेकडे न देता परदेशी नागरिकांच्या विभागाकडे ठेवली जाते, हा भेदभाव लोकपालांनी वर्षानुवर्षे दाखवूनही सरकारने दूर केलेला नाही. हे सगळे मला ठाऊक आहे ते मी खोदून काढले म्हणून नव्हे. ते सरकारच्या आणि लोकपालाच्या संकेतस्थळांवर, वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या चर्चेत उघडपणे पडलेले असते. ठाण्यात मला ज्या यंत्रणेविषयी घाबरून विचारतात, तिच्यावर सर्वांत कठोर टीका तिच्याच देशातल्या पर्यवेक्षकांनी केली आहे, आणि आपल्याकडे पोचायला हवी होती ती गोष्ट ही आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. भारताने संहिता स्वीकारली त्याच सुमारास, १९९२-९३ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि देशभर खळबळ उडाली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी त्या डोंगरातल्या बालमृत्यूंच्या बातम्या दर पावसाळ्यात येतच राहिल्या. २०१० मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडास येथे मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुले कुपोषणाने दगावल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि अशा सर्व संस्थांची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. ती पाहणी चालू असताना, २०११ च्या सुरुवातीला, नवी मुंबईलगत कळंबोलीतल्या एका वसतिगृहातल्या मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले; २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह आरोपींना दोषी ठरवले. या मुलींपैकी कित्येकींना बोलून सांगता येत नव्हते. वर्षानुवर्षे त्या संस्थेच्या फायली कुणीतरी तपासल्या असणार, अनुदानाच्या कागदांवर सह्या झाल्या असणार. पण सत्य बाहेर आले ते माणसे प्रत्यक्ष जाऊन मुलींशी बोलली तेव्हा.

मुझफ्फरपूरचे उदाहरण याच जातीचे आहे, आणि त्याचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. बिहार सरकारने आपल्या निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाकडे सोपवले होते. त्या चमूने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि मुलींवरच्या अत्याचारांचे एक भयंकर प्रकरण देशासमोर आले. २०२० मध्ये १९ जणांना शिक्षा झाली. त्या चमूकडे पोलिसांचे अधिकार नव्हते. त्यांनी मुलींना वेळ दिला, त्यांचे ऐकले आणि जे ऐकले ते लिहून दिले.

बदलापूरविषयी बोलणे मला अवघड जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळत बसावे लागले, आणि २० ऑगस्टला संतप्त लोकांनी बदलापूर स्थानकात तासन्‌तास लोकल अडवून धरली. तो राग मला समजतो. दूर राहून बातम्या पाहणाऱ्या कुठल्याही आईच्या मनात तो उसळलाच असेल. पण त्यानंतरची आपली चर्चा फाशीभोवती फिरत राहिली, आणि सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेल्यावर अनेकांच्या लेखी ती संपलीसुद्धा. शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणाऱ्या ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघाला होता. बदलापूरनंतर शासनाला त्याच समित्या स्थापन करण्याचे आदेश पुन्हा काढावे लागले. मधल्या अडीच वर्षांत ठाणे जिल्ह्यातल्या किती शाळांत ही समिती होती, तिच्या किती बैठका झाल्या, तिच्यापुढे किती मुलांनी काही सांगितले, हे विचारणे कुणाचे काम होते आणि त्याने ते का केले नाही, हा प्रश्न मला फाशीच्या मागणीपेक्षा अधिक कठोर वाटतो. लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमाने त्या कायद्यावर लक्ष ठेवण्याचे काम राष्ट्रीय आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगांवर स्पष्ट शब्दांत सोपवलेले आहे.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो वजनदार आहे. नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती. तेलाच्या पैशावर उभा राहिलेला छोटा देश जे करतो ते आपल्याला कसे जमावे? बालकल्याण समिती कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक हवी, आणि तिच्यात अध्यक्ष धरून पाच माणसे असतात. पाच माणसांनी मिरा-भाईंदरपासून मुरबाडपर्यंतची मुले सांभाळावीत ही अपेक्षाच अन्यायाची आहे, आणि तिथे पैसा, माणसे, समुपदेशक सगळेच वाढवावे लागेल. परंतु सेवा देण्याचा खर्च आणि हिशेब देण्याचा खर्च या निराळ्या गोष्टी आहेत. कवडासची बातमी, कळंबोलीची पाहणी, मुझफ्फरपूरचा अहवाल यांपैकी कशालाही तेलाच्या विहिरी लागल्या नाहीत.

हिशेब मात्र मुलांचा हवा, कामांचा नव्हे. आपले सरकारी अहवाल किती समित्या स्थापन झाल्या, किती कार्यशाळा घेतल्या, किती फलक लावले याने भरलेले असतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यांचे मूल गावच्या शाळेच्या पटावर असते, भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या नोंदीत ते असेलच असे नाही, आणि जानेवारीत ते प्रत्यक्षात कच्च्या विटा उलटत असते. हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. पण भट्टीवरच्या मुलांपैकी किती जणांना त्यांचा लाभ झाला हे एकाच कागदावर वाचायला मिळाले पाहिजे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. जुलैत भट्ट्या बंद असतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, ती याच अदृश्य मुलांसाठी एका संस्थेने महापालिकेच्या साहाय्याने उभी केली. तिथल्या मुलांना आधी कुणीतरी पाहिले, मग ती पटावर आली.

ज्या संख्या आपल्याकडे आहेत त्यांनाही आपण पुरेसे घाबरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. बालमजुरीची जनगणनेतली शेवटची संख्या अजूनही २०११ ची आहे.

बाहेरून नवे काही आणावे लागणार नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. बालहक्क संरक्षण आयोगांचा २००५ चा कायदा आपला आहे. राज्य आयोगात अध्यक्ष आणि सहा सदस्य असावेत, आयोगाने वार्षिक आणि गरजेप्रमाणे विशेष अहवाल द्यावा, राज्य सरकारने तो विधिमंडळासमोर ठेवावा आणि सोबत कोणत्या शिफारशीवर काय केले, कोणती का स्वीकारली नाही, हे लेखी सांगावे, असे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. आयोगांतली पदे रिकामी राहतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०१८ मध्ये ती भरण्याचे निर्देश द्यावे लागले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांमधून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना वगळले, तेव्हा तो बदल जुलैमध्ये उच्च न्यायालयात रद्द झाला. दरम्यान प्रवेशाचे वर्ष सुरू झालेले होते आणि मुले घरी बसली होती. मसुदा निघाला त्याच दिवशी आयोगाचे लेखी मत जाहीर झाले असते तर ही वेळ टळण्याची शक्यता होती.

ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर अठरा आमदार जातात. नागपूरच्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने तरी राज्य बालहक्क आयोगाचा मागील वार्षिक अहवाल सभागृहासमोर कोणत्या तारखेला ठेवला गेला, त्यातल्या ठाणे जिल्ह्यासंबंधीच्या शिफारशी कोणत्या, आणि त्यांपैकी नाकारलेल्या शिफारशींची कारणे कुठे आहेत, असे तीन प्रश्न लेखी विचारावेत, आणि त्याला मते देणाऱ्या नौपाड्यातल्या, कळव्यातल्या, ऐरोलीतल्या पालकांनी त्या उत्तरांची प्रत त्याच्याकडून मागून घ्यावी.