हुशार शॉकअपची सेवानिवृत्ती

सस्पेन्शन एका दिवसात कधीच जात नाही. गेलं असतं तर बरं झालं असतं. टायर पंक्चर झाला की माणूस निदान खाली उतरून बघतो तरी. शॉकअप मात्र रोज थोडी थोडी कामचुकारी करतात आणि चालवणाऱ्याचं अंग मुकाट्याने त्याला सरावतं. 'हल्ली रस्ते फार खराब झालेत' असं मी बरेच महिने सगळ्यांना ऐकवत होतो.

निदान मागच्या सीटवरून झालं. आईच्या कमरेइतका नेमका सेन्सर अजून कोणत्याही कंपनीला जमलेला नाही. "अरे, स्पीडब्रेकर एकच होता ना? मग गाडी तीनदा का उडाली?" धक्का झेलायचं काम स्प्रिंगचं, आणि झेलल्यावर तिचा नाच थांबवायचं काम शॉकअपचं. ते थकले की स्प्रिंग नाचतच राहते. आईने हे मॅन्युअल न उघडता सांगितलं.

मेव्हण्याला मात्र पुरावा हवा होता. "दाजी, बोनेटचा कोपरा दाबून सोडायचा. एक-दोन हेलकाव्यांत थांबली तर शॉकअप चांगले." चाचणी जुनी आहे आणि छोट्या गाडीला ठीकही आहे. आमची गाडी अडीच टनांची. त्याने दोन्ही हात टेकवून सगळा भार टाकला. गाडी हलली नाही, तो मात्र दोन-तीन वेळा वरखाली झाला. "चांगले आहेत," त्याने निकाल दिला.

दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर 'सर्व्हिस सस्पेन्शन सिस्टिम' झळकलं.

आता हे शॉकअप साधेसुधे नव्हेत, ॲडॅप्टिव्ह, म्हणजे रस्ता बघून कडक-मऊ होणारे. साध्या शॉकअपमध्ये तेल असतं, यांच्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण घातलेलं तेल. पिस्टनमधल्या कॉइलमध्ये वीज सोडली की चुंबकीय क्षेत्रात ते कण साखळ्या धरून उभे राहतात आणि तेल दाट होतं; वीज काढली की पुन्हा पातळ. हे सगळं काही मिलिसेकंदांत. असल्या तेलाची कल्पना अमेरिकी संशोधक जेकब राबिनोव्ह यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मांडली, आणि असे शॉकअप लावलेली पहिली गाडी 2002 मध्ये कॅडिलॅकने आणली. म्हणजे तेलाला रस्त्यावर यायला अर्धं शतक लागलं आणि माझ्या गाडीतून रस्त्यावर सांडायला त्याहून पुष्कळ कमी. कण शेवटी लोखंडाचेच. आतल्या आत घासत राहतात, सील झिजतं, तेल पाझरायला लागतं.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. शॉकअपच्या नळकांड्यावर तेलात भिजलेल्या धुळीचा जाड काळा थर बसला होता. नखाने ओढलं तर पापुद्रा निघाला. मग त्याने माझा तळहात टायरवर ठेवला. "फिरवा." रबरावर ठरावीक अंतराने उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा. चाक रस्त्याला चिकटून न चालता टणाटण उड्या मारत होतं, त्याची ही लेखी नोंद.

मागची बाजू त्याहून करुण. तिथे शॉकअपवर हवेची रबरी पिशवी असते. सामान भरलं की पंप हवा भरून गाडी समतल ठेवतो. पिशवीच्या घडीत भेग पडली होती. हवा निसटायची, पंप भरायचा, हवा पुन्हा निसटायची. शेवटी पंप जळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि नुसता नवा पंप बसवला असता तर आणखी एका संन्याशाची सोय झाली असती.

आता प्रश्न नव्यांचा. मूळचे हुशार शॉकअप घ्यायचे, तर त्यांची किंमत ऐकून माझंच तेल पाझरलं. दुसरा मार्ग साध्या शॉकअपचा. पण गाडीला साधे चालत नाहीत! कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, प्रत्येक शॉकअपच्या कॉइलची चौकशी करतं. उत्तर आलं नाही की दिवा लावतं, आणि काही गाड्या तर रागावून वेगावरही मर्यादा घालतात.

"मग?"

"रेझिस्टर लावायचा, साहेब." मेकॅनिकने बोटाच्या पेराएवढा तुकडा दाखवला. "युनिटने विचारलं की हा सांगतो, आहे, आहे, कॉइल आहे. पंपाच्या कनेक्टरलाही असाच एक."

एवढा मोठा मेंदू, एवढे सेन्सर, आणि खोटं बोल पण रेटून बोल या एका तत्त्वापुढे सगळे गार. तोट्याची बाजूही त्याने प्रामाणिकपणे सांगितली: वळणावर गाडी थोडी जास्त कलणार, ब्रेक मारला की नाक जास्त खाली घालणार. मग हळूच विचारलं, "तुम्ही त्या बटणाने मोड बदलता का कधी, स्पोर्ट, कम्फर्ट?" मी टायरकडे बघत राहिलो. "मग साधेच टाकू," तो म्हणाला.

जुने काढताना मात्र हुशारीने सूड उगवला. वरचा नट फिरवावा तर आतला दांडाही त्याच्याबरोबर गोल फिरायचा. साध्या शॉकअपला बहुधा दांड्याच्या टोकात ॲलन की घालून तो धरता येतो; इथे टोकावर वायरचा कनेक्टर विराजमान, आणि त्याचं प्लॅस्टिकचं लॉक हात लावताच कट्कन तुटलं. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरजवळ तर त्याने मला उभंच राहू दिलं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. तिथे विनोद नाही. सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट त्याने गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. दिवा विझला.

गाडी आता स्पीडब्रेकरवर एकदाच उडते. मोडचं बटणही अजून तसंच उजळतं. त्याच्यामागे काही उरलेलं नाही हे त्याला कोणी कळवलेलं नाही. मेव्हण्यालाही नाही. परवा त्याने चालवायला घेतली, बटण 'स्पोर्ट'वर दाबलं आणि एक वळण घेऊन माझ्याकडे विजयाने पाहिलं. "बघा दाजी, कशी आवळली लगेच! पैसे वसूल!" पुढच्या उखडलेल्या पट्ट्यावर त्याने तत्परतेने 'कम्फर्ट' लावलं. "आता बघा. काही जाणवतं का?"

"काहीच नाही," मी म्हणालो.