वाहन नोंदणीच्या पैशांवर उद्याने जगणार नाहीत

बेळगाव आणि परिसरातील व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मागणी फिरत आहे. नव्या वाहनाची नोंदणी करताना दोनशे रुपयांचा उद्यान सेस (उपकर) घ्यावा, अमेरिकेत असेच करतात, वाहनधारक प्रदूषण करतात तेव्हा भुर्दंडही त्यांनीच सोसावा, रक्कम किरकोळ असल्याने ती कोणाला जाणवणार नाही आणि तेवढ्यावर शहरातील सर्व उद्याने सुधारतील, असा तिचा आशय आहे. ही मागणी उद्यानांची दैना पाहूनच पुढे आली असून ती करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र ती मान्य झाली तर उद्यानांच्या नावाने पैसा गोळा होईल आणि उद्याने आहेत तशीच राहतील, अशी मला भीती वाटते.

प्रथम अमेरिकेचा दाखला पाहू. मिशिगन राज्यात २०१० पासून वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना इच्छा असल्यास ठरावीक रक्कम भरता येते आणि त्या बदल्यात त्या वाहनाला राज्य उद्यानांत प्रवेश मिळतो. माँटाना राज्यात ही रक्कम नोंदणीतच धरलेली असते. ज्याला ती द्यायची नसेल त्याने तसे कळवायचे असते. या राज्य उद्यानांचे स्वरूप आपल्या गल्लीतील बागेसारखे नाही. ती जंगले, तलाव आणि नदीकाठचे विस्तीर्ण प्रदेश आहेत, जिथे लोक मोटारीनेच जातात आणि पूर्वी प्रवेशद्वारावर वाहनामागे पैसे मोजत असत. म्हणजे पैसे भरणारा आणि लाभ घेणारा तिथे एकच आहे. आपल्याकडे संभाजी उद्यानात किंवा शिवाजी उद्यानात सकाळी फिरायला येणारी वृद्ध मंडळी आणि संध्याकाळी खेळायला येणारी मुले बहुतांशी आसपासच्या गल्ल्यांतून पायी येतात. उलट खानापूर तालुक्यातील एखादा शेतकरी दूध घालण्यासाठी दुचाकी घेतो तेव्हा तिची नोंदणी बेळगावच्या आरटीओत होते, तिला केए-२२ क्रमांक मिळतो आणि ज्या बागेत त्याची मुले कधी पाऊल टाकणार नाहीत तिच्यासाठी त्याने पैसे भरायचे, असा या मागणीचा अर्थ होतो.

त्याहून मोठा दोष हिशेबात आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत नोंदणीचे नूतनीकरण एक-दोन वर्षांनी करावे लागते, त्यामुळे पैसा येत राहतो. आपल्याकडे खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी एकदाच होते. दोनशे रुपये १५ वर्षांवर पसरले तर एका वाहनामागे वर्षाला जेमतेम तेरा रुपये पडतात. उद्यानाला मात्र पैसा रोज लागतो. आमच्या भागातील एका उद्यानात कूपनलिकेची मोटार मार्चमध्ये जळली आणि ती दुरुस्त होईपर्यंत हिरवळ वाळून गेली. झोपाळ्याची एका बाजूची साखळी तुटल्यावर कोणीतरी ती दोरीने बांधून ठेवली आणि मुले त्यावर तशीच बसत राहिली. माळ्याचा पगार, विजेचे बिल, साखळी, नळ, दिवे हा सारा खर्च बारमाही आहे आणि ज्या वर्षी वाहनविक्री मंदावेल त्या वर्षी तो कमी होणार नाही.

रक्कम जाणवणार नाही, हे म्हणणेही मला पटत नाही. दुचाकीचे नोंदणी शुल्क ३०० रुपये आणि मोटारीचे ६०० रुपये आहे. दोनशेचा सेस म्हणजे दुचाकी घेणाऱ्यावर दोनतृतीयांश वाढ आणि मोटार घेणाऱ्यावर एकतृतीयांश, म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याच्यावर भार अधिक. शिवाय कर्नाटकात मोटारीवरील आजीवन कर आधीच किमतीच्या १३ ते १८ टक्के आहे, त्यावर सेस वेगळा. पेट्रोलच्या मोटारीवर महाराष्ट्रात हा आजीवन कर ११ ते १३ टक्के आहे. महाराष्ट्रातील चंदगडहून रोज बाजाराला येणारी एमएच-०९ वाहने या सेसमधून सुटतील, आणि सीमेपलीकडे ज्यांचे घर किंवा पत्ता आहे त्यांना वाहन तिकडेच घेण्याचे आणखी एक कारण मिळेल.

प्रदूषणाचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. वर्षभर अंगणात उभी असणारी मोटार आणि दररोज शंभर किलोमीटर धावणारी मोटार यांना नोंदणी शुल्क सारखेच असते. जास्त जाळणाऱ्याने जास्त द्यावे हे तत्त्व इंधनावरील करात आहे, नोंदणीत नाही.

राहिला प्रश्न पैसा उद्यानांपर्यंत पोहोचण्याचा. नोंदणी शुल्क केंद्रीय नियमांनी ठरते, वाहन कर राज्याचा असतो आणि उद्याने ही महापालिकेची जबाबदारी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात उद्याने आणि क्रीडांगणे नागरी संस्थांच्या विषयांत स्पष्टपणे नोंदवली आहेत. आरटीओत भरलेला पैसा बेंगळूरला जाऊन परत बेळगावच्या वॉर्डात येईल, याची हमी कोण देणार? घरपट्टीबरोबर ग्रंथालय सेस आपण सगळेच भरतो. बेंगळूर महापालिकेने गोळा केलेला हा सेस ग्रंथालय खात्याकडे वर्षानुवर्षे पूर्ण पोहोचला नाही आणि कोट्यवधींची थकबाकी साचली. कोळशावर २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी लावलेला सेस २०१७ मध्ये रद्द झाला आणि त्याच्या जागी आलेल्या उपकराचा पैसा जीएसटीमुळे राज्यांच्या महसुलात आलेली तूट भरून देण्याकडे वळला.

काहीच न होण्यापेक्षा हे बरे, असे शेवटी सांगितले जाते. पण दुसरा मार्ग आपल्यासमोर आहे. पाच टक्के सवलतीसाठी आपण एप्रिलमध्ये घरपट्टी भरतो, त्या चलनावर आरोग्य, ग्रंथालय, भिक्षुक आणि वाहतूक असे सेस असतात. घरपट्टीच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा उद्यानांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो उद्यानवार दाखवावा आणि त्याचा हिशेब वॉर्ड समितीसमोर ठेवावा, ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे करता येते आणि ती पूर्ण झाली की नाही हे तपासताही येते. त्याचबरोबर प्रत्येक लेआउटमध्ये उद्यानासाठी सोडलेली जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का, तिला कुंपण आहे का, तिच्यावर बांधकाम तर झाले नाही ना, हे विचारले पाहिजे. अशा जागांच्या संरक्षणासाठी कर्नाटकात १९८५ पासून स्वतंत्र कायदा आहे. बेळगावातील अशा जागांची वॉर्डवार यादी जाहीर करा, असा अर्ज माहिती अधिकाराखाली दहा रुपयांत करता येतो.