खोटा फौजी ५०० रुपयांत सुटतो?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘फौजी असल्याचं खोटं सांगणं भारतात गुन्हाच नाही. वर्दी घातली तरच ५०० रुपये दंड. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंसुद्धा असा कायदा रद्द केलाय.’

५०० हा आकडा जुन्या दंड संहितेच्या कलम १४०चा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाजारातला फौजी छापाचा टी-शर्ट घातला एवढ्यावर ते लागत नाही. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं, हा हेतू सिद्ध व्हावा लागतो.

‘वर्दी घातली तरच’ हे मात्र घातक आहे. नुसती बढाई गुन्हा नाही, इतपत ठीक. पण तिच्यावर विसंबून कुणी पैसे दिले की मामला फसवणुकीचा होतो, मग अंगावर वर्दी असो वा लुंगी. तोतयेगिरीनं फसवणूक, कलम ३१९(२): पाच वर्षांपर्यंत कैद. फसवून मालमत्ता उकळणं, कलम ३१८(४): सात वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. हेच फोनवरून किंवा नेटवरून केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६डी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

महूची लष्करी छावणी जवळ असल्यानं इथे चालणारी युक्ती ठरलेली. ‘बदली महूला झालीय, खोली बघायला वेळ नाही, डिपॉझिट आत्ताच पाठवतो.’ व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो आणि कार्ड येतं. मग ‘फौजेच्या खात्यातून पैसे असेच येतात’ म्हणून क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत रोखता आली तरच हाती लागते.

तक्रारीत बहुतेक जण ‘नकली फौजी होता’ एवढंच लिहितात आणि तिथेच केस लुळी पडते. तो काय म्हणाला, काय दाखवलं, ते खरं मानून तुम्ही किती रुपये, किती वाजता, कोणत्या यूपीआय आयडीवर पाठवले, हा क्रम हवा. फसवणुकीचं कलम त्यावरच उभं राहतं. ऑनलाइन एफआयआर दिलीत तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करा.

अमेरिकेचं अर्धंच सांगितलंय. २०१२ साली अल्वारेझ खटल्यात पदकाबद्दलच्या नुसत्या खोट्या बोलण्याला शिक्षा देणारा २००५चा कायदा कोर्टानं रद्द केला. २०१३ साली नवा कायदा आला: पैसा, मालमत्ता किंवा तसाच ठोस लाभ मिळवण्यासाठी पदकाचा खोटा दावा केला तर एक वर्षापर्यंत कैद.

माजी सैनिकांच्या राखीव जागांचा प्रकार याहून गंभीर. केंद्राच्या गट ‘क’ भरतीत १० टक्के जागा त्यांच्या. त्यासाठी बनावट डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्तीचा दाखला) केलं तर न्याय संहितेचं ३३६(३) आणि वापरलं तर ३४०(२) ही बनावट दस्तऐवजाची कलमं लागतात. नोकरी देणाऱ्यानं उमेदवारानं आणलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. सेवा क्रमांक, हुद्दा आणि युनिट लिहून संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाकडे, थेट पत्र पाठवावं. सिग्नल्सचं (फौजेच्या संदेशवहन दलाचं) जबलपूरला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. पत्ता उमेदवाराकडून घेऊ नये.